ट्रे उघडला की दार बंद

नळाच्या पाइपावर चमच्याचे दोन ठोके पडले की त्या घरातल्या माणसांचे पुतळे होत.

वहिनीची सुरी कांद्यात अर्धी जाऊन थांबे. आई चहाचा कप ओठांपाशी धरून बसे, ना पिणं ना खाली ठेवणं. दादा जिन्यात असला तर एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, कठड्याला धरून तसाच उभा. मग खालून एक ठोका येई. ठण्. आणि सुरी, कप, पाय, सगळं जिथं थांबलं होतं तिथून पुढे चालू.

"मला न्यायला यम जरी आला ना," आई म्हणायची, "तरी हिचे दोन ठोके ऐकून दारातच उभा राहील बिचारा. म्हणेल, होऊ दे फोटो, मग नेतो."

खाली ठोके देणारी ती छबी. आईची धाकटी, दादाची बहीण. लहानपणी कुणी कॅमेरा नुसता पिशवीतून बाहेर काढला तरी मान तिरकी करून उभी राहायची, म्हणून छबी. आता चाळिशी दारात आली होती आणि तिचा स्वतःचा फोटो शेवटचा कुणी काढला होता हे तिलाही आठवलं नसतं, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

दादाचं दुकान जुन्या नाण्यांचं. दुकानात येऊन घेणारे थोडे. बहुतेक गिऱ्हाईक दूरदूरचं, फोटो बघून नाणं मागवणारं. तेव्हा सगळा धंदा फोटोवर. दुकानाच्या पाठीमागे पूर्वीची अडगळीची खोली होती. तिच्या एकुलत्या एका खिडकीला काळं कापड ठोकलं, मधोमध टेबल ठेवलं, टेबलावर खाली तोंड करून कॅमेरा बसवला, आणि स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढणाऱ्या बहिणीला दादा म्हणाला, "दोनच महिने ये गं. तुझ्या हाताला वळण आहे."

ते दोन महिने अजून चालू होते.

ठोक्यांचं कारण साधं होतं. खोलीचं छत म्हणजे वरच्या स्वयंपाकघराची लाकडी जमीन. उजेड मऊ पडावा म्हणून छबीनं दोन्ही दिव्यांपुढे ट्रेसिंग पेपर ताणलेला. त्यामुळे उजेड कमी पडे, आणि कॅमेऱ्याचं भिंग बराच वेळ उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात वर कुणी नुसतं या पायावरून त्या पायावर झालं तरी फळ्या हलत, टेबल हले आणि नाण्यावरच्या राजाला दोन नाकं येत. म्हणून दोन ठोके म्हणजे थांबा, एक ठोका म्हणजे चला. सगळ्या घरावर तिची सत्ता चालायची ती एवढीच, आणि तीही भिंग उघडं असेपर्यंत.

बाकी सत्ता कुलपाची.

वडिलांच्या काळात एक नाणं टेबलावरून घरंगळलं, उघड्या दारातून बाहेर गेलं आणि पुन्हा कुणाच्या दृष्टीला पडलं नाही. तेव्हापासून घराचा नियम झाला: ट्रे उघडला की दार बंद, दार उघडलं की ट्रे बंद. आणि उघडा ट्रे एकटा सोडायचा नाही. कुणीतरी त्याच्यापाशी आत पाहिजेच. खोली अडगळीची, त्यामुळे तिला आतून कडी नव्हती, बाहेरून कोयंडा होता. दादा ट्रे आणून ठेवायचा, मखमलीवरचं झाकण काढायचा, बाहेर जायचा आणि कुलूप घालायचा.

"दादा, मी काय नाणी घेऊन पळणार आहे का?"

"वेडी आहेस का? कुलूप तुझ्यासाठी नाही गं. नाण्यांसाठी आहे."

आणि हे तो अगदी मनापासून म्हणायचा, हीच पंचाईत होती.

सुरुवातीला छबीचे फोटो दिव्य होते. कॅमेऱ्याचा दिवा सरळ नाण्यावर मारायची. दादा फोटो बघून म्हणाला, "हे नाणं आहे की बशी?" मग ती शिकत गेली, आपलं आपण, चुकत चुकत. उजेड समोरून आला की नाणं सपाट होतं. बाजूनं सरपटत आला की राजाच्या गालाला हाड येतं. नाणं बाटलीच्या झाकणावर उचलून ठेवलं की खालचा कागद धूसर होतो आणि नाणं हवेत तरंगल्यासारखं दिसतं. धूळ तोंडानं फुंकायची नाही, थुंकीचे ठिपके उमटतात; रबरी फुग्यानं उडवायची. कॅमेरा ओळंब्यात आहे का हे बघायला नाण्याच्या जागी हातआरसा ठेवायचा आणि आत डोकवायचं. भिंगाला आपलाच डोळा बरोबर मधोमध दिसला की समजायचं, सरळ आहे.

आणि नाण्याला घासायचं नाही. कधीच नाही. जुन्या नाण्यावरची काळपट साय ही त्याची कमाई असते. दादाही हे जाणायचा. तो घासायला सांगत नसे, फक्त म्हणायचा, "जरा फिरव ना गं. त्या गालावरचा ओरखडा झोपव."

ओरखडा झोपवणं म्हणजे नाणं चिमूटभर फिरवायचं, म्हणजे उजेड ओरखड्याच्या लांबीनं धावतो आणि ओरखडा दिसेनासा होतो. छबी त्यात इतकी तयार झाली की दादालाही कुठला ओरखडा कुठं होता ते सापडेना.

आता गंमत अशी की तिचा फोटो जसजसा सुधारला, तसतसं गिऱ्हाईक वाढलं. गिऱ्हाईक वाढलं तसे ट्रे वाढले. आणि ट्रे वाढले तसं ते कुलूप लवकर लागू लागलं आणि उशिरा उघडू लागलं. वाईट फोटो काढून बघावे असंही तिच्या मनात एकदा आलं. पण हात ऐकेना. हाताला आता वाईट येतच नव्हतं.

सुटीच्या दिवशी बाजारात गेली तरी खोली तिच्याबरोबर यायची. माणसांच्या चेहऱ्यावर उजेड कुठून पडतोय ते आधी दिसायचं, माणूस नंतर. आणि रस्त्यात कुणी लोखंडावर दोनदा ठोकलं की पाय आपोआप थांबायचा. मागून येणारी माणसं आपटायची. "अहो बाई, चालता का?" त्यांना काय सांगणार?

एका दुपारी दादा बँकेत गेलेला असताना दार वाजलं.

"आत कोण आहे?" पुरुषाचा, वयस्क, वर्गात बोलून बोलून रुंद झालेला आवाज.

"मी आहे."

"मी म्हणजे कोण? दार उघडा."

"कुलूप बाहेरून आहे."

"म्हणजे ते मी उघडायचं?"

"किल्ली दादाकडे असते. तो बँकेत गेलाय. तुम्ही दुकानात बसा ना."

"दुकानातच बसलो होतो. आतून कुणीतरी पाइप बडवतंय असं ऐकलं, म्हणून आलो. तुम्हाला कुणी... म्हणजे... पोलिसांना वगैरे बोलवू का?"

छबीला हसू फुटलं. "नको हो. मी फोटो काढते. नाण्यांचे."

"अच्छा! म्हणजे तुम्हीच का त्या?" आवाज एकदम दाराजवळ आला. "मी एक निवृत्त मास्तर. तुमच्या दादाकडून चांदीचं नाणं मागवलं, फोटो बघून. नाणं आलं, ते गालावर हा एवढा ओरखडा घेऊन. फोटोत नव्हता. चार वेळा भिंग लावून पाहिलं. कुठं ठेवलात तुम्ही तो?"

छबीचे कान तापले. दार बंद होतं हे त्या वेळी बरंच वाटलं.

"झोपवला," ती म्हणाली.

"काय केलात?"

"नाणं फिरवून... उजेड असा घेतला की तो दिसत नाही."

"शाब्बास." हे कौतुक होतं की शेरा, दाराआडून कळेना. "विद्यार्थी कॉपी करायचे ना, त्यातली फक्त हुशार पोरं अशी करायची. एवढी मेहनत अभ्यासात घातली तर पहिले येतील, असं मी त्यांना सांगायचो. तुम्हाला तो ओरखडा दाखवताही येईल का?"

"झोपवता येतो म्हणजे उठवताही येतोच की."

"मग ऐका. वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे. तिथल्या प्रमुख बाई माझ्या ओळखीच्या. सगळ्या नाण्यांचे फोटो काढायला त्यांना माणूस हवाय, कायमचा. आलेले सगळे लग्नाचे फोटो काढणारे. नाण्याला नवरीसारखं चमकवतात, म्हणून बाई वैतागल्यात. फोन नंबर देऊ? घ्या लिहून." मग जरा थांबून, "आत लिहायला उजेड आहे ना?"

"उजेड सोडून दुसरं काही नाहीच आत," छबी म्हणाली.

मास्तरांनी नाणं परत केलं की नाही हे तिला कळलंच नाही. नंबर मात्र तिच्या फोनमध्ये होता.

संग्रहालयातल्या बाई फोनवर मोजकं बोलल्या. "एकच फोटो पाठवा. आरशासारखं चकचकीत पाडलेलं नाणं घ्या. त्यात तुमचा कॅमेरा दिसता कामा नये. आणि नाण्याला जे जे झालंय, ते दिसलंच पाहिजे. जमलं तर भेटायला या. इथं किल्ल्या ज्याच्या त्याच्याकडे असतात," असं त्या हसून म्हणाल्या. मास्तरांनी सगळं सांगितलेलं दिसत होतं.

ट्रेमध्ये तसं एक नाणं होतं. छबीनं ते कडेनं धरून झाकणावर ठेवलं आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. नाण्याच्या मैदानात, म्हणजे राजाभोवतीच्या सपाट भागात, छत दिसलं, पाइप दिसला, काळं भिंग दिसलं आणि भिंगाच्या कडेला एक कपाळ आणि एक डोळा. तिचाच. सगळी खोली त्या नाण्यात मावली होती, आणि खोलीत ती.

तिनं कॅमेऱ्याभोवती काळा कागद लावला. नाणं काळं ठिक्कर. पांढरा लावला. नाणं दुधाळ, राजाचा मुखवटा गायब. कोपऱ्यातून उजेड सोडला तर अर्धं पांढरं, अर्धं काळं. दिवसभर दोन ठोके, एक ठोका, दोन ठोके, एक ठोका. वर आई ओरडली, "अगं, माझ्या तोंडात गोळी आहे! गिळू की नको?"

संध्याकाळी दार उघडेपर्यंत तिच्या लक्षात आलं होतं की उजेड भिंगाच्याच वाटेनं आला पाहिजे, सरळ वरून, आणि तरी भिंगाला वाट मोकळी राहिली पाहिजे. म्हणजे मध्ये तिरकी काच हवी. बाजूनं येणारा उजेड काचेवर आपटून खाली नाण्यावर जाईल, आणि नाण्याकडून परत येईल तो काचेतून आरपार भिंगात. अर्धा उजेड वाया जाणार, भिंग आणखी जास्त वेळ उघडं ठेवावं लागणार. हरकत नाही.

पण काच कुठून आणायची?

जिन्याच्या भिंतीवर दादाचं प्रशस्तिपत्र होतं. नाणेविक्रेत्यांच्या मंडळानं दिलेलं, 'उत्कृष्ट सचोटी'साठी. सुबक चौकट, आणि पुढे पातळ, स्वच्छ काच.

दादा रोज त्याच्यासमोरून केस विंचरत जायचा. काच गेल्याचं त्याला कळलं नाही. काच आहे की नाही हे बघायला माणूस कधी थांबतो? वहिनीला मात्र दुसऱ्याच सकाळी कळलं, कारण तिनं पुसायला फडकं लावलं आणि फडक्यानं सचोटीची शाई घेतली.

दादा पंचा खांद्यावर टाकून अंघोळीला गेलेला; त्याच्या सदऱ्यातली किल्ली काढून ती खाली आली, कुलूप उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही. ती कधीच टाकत नसे.

"वन्सं," वहिनी म्हणाली. एरवी ती छबीला छबीच म्हणायची, अगंतुगं करायची. वन्सं म्हटलं की समजायचं, पारा चढलाय. "यांच्या सर्टिफिकेटाची काच कुठंय?"

छबीनं बोट दाखवलं. कॅमेऱ्याखाली, दोन पुस्तकांच्या मध्ये, काच तिरकी उभी होती.

"हे कशाला?"

"वहिनी, दोन मिनिटं हलू नका. मग सांगते."

ठोके द्यायची गरज नव्हती. आई झोपली होती, दादा नळाखाली होता. भिंग उघडलं. वहिनी चौकटीला धरून श्वास रोखून उभी. भिंग मिटलं. छबीनं कॅमेऱ्याची मागची पाटी तिच्याकडे वळवली.

नाणं काठोकाठ उजळलं होतं, एकसारखं. त्यात ना छत, ना पाइप, ना डोळा. मुखवटा रेषेनं रेषेनं कोरून वर आलेला. आणि मैदानात, हनुवटीपासून कडेपर्यंत, केसाएवढा काळा ओरखडा. एवढा वेळ ते नाणं तिच्या हातात होतं, आणि तो तिनंही पहिल्यांदाच पाहिला.

"बाई गं," वहिनी म्हणाली. "केवढं चांगलं! पण तो ओरखडा दिसतोय की."

"दिसायलाच हवाय."

मग तिनं सगळं सांगितलं. मास्तर, बाई, कायमची नोकरी, किल्ली. वहिनीचा चेहरा ऐकता ऐकता बदलला. पाणी बंद झाल्याचा आवाज आला तशी ती घाईनं, हळू बोलू लागली.

"आणि तू गेल्यावर इथं कोण बसणार? हे माझ्याकडे बघतील, छबी. आत्ताच म्हणत असतात, तू पण शिकून घे, हातभार लागेल. मला लिफ्टमध्ये जीव घाबरा होतो. तुला माहीत आहे, मी इथं पाऊल टाकत नाही. तुला वाटतं मला नाण्यांचा कंटाळा आहे? मला त्या कुलपाची भीती आहे. तू आत असलीस की मी बाहेर असते, एवढं साधं आहे ते. वाईट वाटतं, पण आहे ते आहे."

आपल्या कुलपाआड दुसरी बाई सुटकेचा श्वास घेत होती, हे छबीच्या ध्यानीमनीही नव्हतं.

वहिनीनं दार ओढलं, कुलूप घातलं. मग बाहेरून म्हणाली, "काच राहू दे. कागदावर धूळ बसेल, आणखी काय होणार?"

छबीनं फोटो पाठवला. बाईंचं उत्तर आलं: गुरुवारी अकराला या.

त्याच संध्याकाळी दादानं तो फोटो कॅमेऱ्यात पाहिला आणि हर्षानं खुर्चीतून उठला. "अगं छबे! हे काय काढलंस! आता बघच. पलीकडच्या गल्लीतला व्यापारी विचारत होता, त्याचीही नाणी आपणच घेऊ फोटोला. सगळी. तेवढा हा ओरखडा झोपव."

"हा झोपत नाही, दादा. असा उजेड घेतला की सगळंच जागं राहतं."

"झोपेल गं. तुझ्या हाताला काय अवघड आहे?"

"दादा, गुरुवारी मला बाहेर जायचंय. सकाळी. नोकरीसाठी भेटायचंय एकांना."

दादा हसला. त्याला ती थट्टा वाटली नाही, हट्ट वाटला. मोठी माणसं मुलांच्या हट्टाला हसतात तसा हसला. "जा की. कोण अडवतंय? ट्रे संपला की जा."

गुरुवारी त्यानं एकावर एक तीन ट्रे आणले, झाकणं काढली, कुलूप घातलं आणि दाढी करायला वर गेला.

छबी चांगली साडी नेसली होती. ती स्टुलावर बसली. दिवे तापल्याचा कागदी वास पसरू लागला. पहिलं नाणं ठेवलं, पण बटण दाबलं नाही. ट्रेतली नाणी ओळीनं तिच्याकडे बघत होती आणि प्रत्येकात एक छत, एक पाइप, एक कपाळ. ती ओरडू शकली असती. पण ओरडल्यावर दादा काय म्हणाला असता हे तिला शब्दासकट ठाऊक होतं.

तिनं चमचा घेतला आणि पाइपावर दोन ठोके दिले.

वर सगळं थांबलं. नळ बंद झाला. सुरी थांबली. आईच्या खुर्चीची करकर थांबली.

छबीनं चमचा मांडीवर ठेवला आणि बसून राहिली.

किती शांत असतं हे घर, तिच्या मनात आलं. तिला ही शांतता कधी ऐकायलाच मिळाली नव्हती. त्या वेळी तिचं सगळं लक्ष भिंगाकडे असायचं. वर तीन माणसं तिच्यासारखीच, हात जिथल्या तिथं, कुणीतरी सोडेल म्हणून वाट बघत होती.

आई आधी बोलली. "झोपली का गं ती?"

"श्श," दादा. "जास्त वेळाचा फोटो असेल. नवीन पद्धत आहे तिची."

मग दादा, जरा मोठ्यानं, "छबे? साबण सुकतोय माझ्या गालावर!"

छबीनं चमचा उचलला नाही. आणि मग वरच्या फळ्यांवर पावलं वाजली. ठोका न मिळता, पहिल्यांदाच. पावलं दादाच्या सदऱ्याच्या खुंटीपाशी गेली, जिन्यानं खाली आली, आणि कुलूप उघडलं. उंबऱ्यात वहिनी. धापा टाकत.

"फोटो हलला असेल ना?"

"काढतच नव्हते."

"मला वाटलंच." वहिनीनं तिच्या साडीकडे पाहिलं. "अकराला ना? मग जा. पण मी आत बसणार नाही हां, छबी. आधीच सांगते."

"नका बसू."

"मग कोण—"

"दार उघडं का आहे?" दादा अर्ध्या गालावर साबण, हातात वस्तरा, जिन्यावरून धडधडत आला. "ट्रे उघडे आहेत आणि दार उघडं! घरंगळलं म्हणजे एखादं?" तो दोघींच्या मधून सरळ आत शिरला, टेबलावर वाकला आणि बोटानं ओळी मोजू लागला. छबी उठून बाहेर आली. ठरवून नव्हे. जागाच उरली नव्हती.

वहिनीनं छबीकडे बघितलं. छबीनं वहिनीकडे.

"अहो," वहिनीनं विचारलं, "ट्रे उघडेच आहेत का?"

"उघडेच तर आहेत! तेच सांगतोय!"

"मग दार बंद," वहिनी म्हणाली. दार ओढलं आणि किल्ली फिरवली.

"अगं ए! मी आत आहे!"

"माहीत आहे. कुलूप तुमच्यासाठी नाही. नाण्यांसाठी आहे."

वरून आईनं हाक मारली, "आता कप ठेवू का कुणी सांगेल?"

आत दादानं दार बडवलं. रागावला, हसून पाहिलं, पुन्हा रागावला. मग गप्प झाला. आत गेल्यावर सगळेच शेवटी गप्प होतात, हे छबीला माहीत होतं. बऱ्याच वेळानं आवाज आला, दाराच्या अगदी जवळून.

"इथं हवा कुठून येते?"

"येत नाही, दादा."

"...रोज अशीच असते?"

"रोज."

"पलीकडच्या गल्लीवाल्याला आज फोटो द्यायचेत, छबे."

"काच लावून ठेवली आहे, कॅमेरा ओळंब्यात आहे. नाणं झाकणावर ठेव, बटण दाब, हात काढ. दोन ठोके आधी, एक नंतर."

"काच कसली?"

वहिनीनं तोंडावर पदर धरला. छबी दुकानातून पुढच्या दाराशी आली. उंबऱ्यावर बसून तिनं एक चप्पल पायात घातली, उठली, आणि दुसरी घालायला पाय उचलला.

ठण्. ठण्.

तिचा पाय हवेत थांबला. मागे वहिनीचा किल्लीचा हात थांबला. वर खुर्ची थांबली. रस्त्यावर माणसं येत-जात होती, ऊन समोरच्या भिंतीवर बाजूनं सरपटत होतं, आणि छबी एका पायावर, चौकटीला धरून, उभी. एक ठोका आला की निघू.

ठोका येईना. भिंग केव्हाच मिटलं असणार. दादा द्यायला विसरला होता. इतकी वर्षं तो फक्त थांबायला शिकला होता, सोडायला नव्हे.

तिनं आणखी थोडी वाट पाहिली. मग पाय खाली टेकवला, चपलेत सारला, आणि पायरी उतरली. लाकडी उंबरा करकरला. आत दुसरा फोटो चालू असलाच, तर तो हलला असणार.